सांगलीच्या गच्चीवर ‘मधमाशी आमरी’ जगेल का?

कृष्णाकाठची
१४ जून, रात्री ११:४२

मंडळी, बागेच्या विभागात आजवर मी नुसती वाचत आलेय. आज राहवेना म्हणून पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

धाकटी बहीण इंग्लंडात बेडफर्डशायरला असते. काल तिने फोटो पाठवला. घरामागच्या हिरवळीत वीतभर दांडा, त्यावर तीन गुलाबी फुलं आणि प्रत्येक फुलावर एकेक मधमाशी बसलेली. मी म्हटलं, माशा उडाल्या की परत एक काढ. तर हसायलाच लागली. म्हणे ताई, माशा नाहीतच त्या, फुलाची खालची पाकळीच तशी आहे. तपकिरी, मखमली, वर पिवळी नक्षी आणि दोन बाजूंना केसाळ खांदेसुद्धा! तिकडे बी ऑर्किड म्हणतात. ऑर्किडला आपल्याकडे आमरी म्हणतात ना, म्हणून मी आपलं मधमाशी आमरी असं बारसं करून टाकलंय.

आता मुद्दा. तिने वाचून सांगितलं की या झाडाला चुनखडीची जमीन लागते. चुनखडी काय, आमच्या मिरजेकडच्या मळ्यात दोन फूट खणलं की पांढरे खडेच खडे. विश्रामबागच्या घरी गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत, त्यात एकीची भर. बहीण दिवाळीत येणार आहे आणि दोन गड्डे मोज्यात गुंडाळून आणते म्हणतेय. जगेल का? माती कशी करू? आणि हे फूल म्हणे असं रूप घेऊन परागीभवनासाठी एका विशिष्ट माशीला फसवतं, ती माशी आपल्याकडे नसेल तर बी धरेल का?


पेढेवाला_सातारकर
१४ जून, रात्री ११:५८

मोजे धुतलेले आहेत का, तेवढं आधी विचारून घ्या.


टेम्सकाठ
१५ जून, पहाटे २:१०

ताई, मोज्यांचा बेत आधी रद्द करा. मी इकडे अठरा वर्षं आहे. १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटता येत नाही. बहिणीची स्वतःची हिरवळ असेल तर ते कलम तिला लागणार नाही, पण पुढचं लागेल. जगातल्या झाडून सगळ्या आमऱ्या ‘साइटिस’ या रानटी जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, त्यामुळे देशाची सीमा ओलांडायला परवाना हवा. शिवाय आपल्याकडे उतरताना वनस्पती आरोग्याचा दाखला आणि आयात परवाना लागतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर साइटिसच्या याद्या आपल्या वन्यजीव कायद्यातच घेतल्या आहेत. म्हणजे मुंबईच्या विमानतळावर मोजे उलटे झाले तर नुसता दंड भरून सुटका नाही.

बाकी बहिणीचं नशीब थोर. बेडफर्डशायरने २००२ साली हेच फूल आपल्या परगण्याचं फूल म्हणून निवडलं. तिला एवढंच सांगा की दांड्याभोवती चार काटक्या रोवायच्या आणि बोंडं पिकून तपकिरी होईपर्यंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत, तिथे गवत कापायचं यंत्र फिरवायचं नाही. खत तर अजिबात नको. इकडे ही आमरी जुन्या खाणीत, रस्त्याच्या कडेला, कारखान्याच्या आवारात उगवते. जमीन जितकी हलकी तितकी खूश. खत घातलं की गवत माजतं आणि ही गुदमरते.


जांभ्या_दगड
१५ जून, सकाळी ७:२५

चुनखडीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो दुय्यम आहे. खरी अडचण घड्याळाची आहे.

या झाडाचं वर्ष कसं चालतं ते बघा. मूळ मुलूख भूमध्य समुद्राभोवतीचा, तिथून वर इंग्लंडपर्यंत आणि पूर्वेला इराणपर्यंत. तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा असतो कोरडा. म्हणून हा गड्डा सप्टेंबर-ऑक्टोबरला जागा होतो आणि जमिनीलगत पानांचा झुपका पसरतो. सगळी थंडी ती पानं हिरवी राहतात. तेवढ्या दिवसांत झाड शेजारी दुसरा नवा गड्डा भरतं. दक्षिणेत एप्रिल-मेमध्ये आणि इंग्लंडात जून-जुलैमध्ये फुलतं, मग पानं वाळतात, जुना गड्डा संपतो. नवा गड्डा कोरड्या मातीत झोपी जातो.

आणि तो झोपला की आपल्याकडे मृग लागतो! ज्या चार महिन्यांत त्याला थेंब नको, त्या चार महिन्यांत आपलं आभाळ फाटलेलं असतं. काळ्या मातीत तर बोलायलाच नको. पावसात लोणी, उन्हात भेगा. गड्डा पावसाळ्यात कुजेल, नाही कुजला तर मेमध्ये भेगेत उघडा पडेल.

आपल्या आमऱ्यांचं बरोबर उलटं आहे. आमच्या जावळीच्या पठारावर गड्डे दिवाळी ते मे झोपतात आणि पहिल्या पावसाला उठतात. गड्डे तिकडेही दोनच, एक सरता आणि एक भरता. फक्त गजर लावलाय वेगळ्या वेळेचा.

हौसच असेल तर कुंडीत करता येतं, कसं ते संध्याकाळी लिहितो. आता भात रोपाला जायचंय.


माणदेशी_गडी
१५ जून, सकाळी ९:०५

काका, मग आमच्या माण तालुक्यात लावा की. पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर, तोही बराचसा परतीचा, नेमका सप्टेंबरात. जमीन चुनखडीची, मुरमाड, निचरा एक नंबर. थंडीत पहाटे शेकोटीशिवाय भागत नाही. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वर ५,००० मिलिमीटरच्या वर आणि आम्ही इतके कोरडे, तर त्याचा कधी तरी फायदा होऊ द्या!


वाचनमात्र
१५ जून, सकाळी १०:३०

मी या फुलाच्या बिया ऑनलाइन मागवल्या होत्या. १९९ रुपयांत १०० बिया. पाकिटावर मधमाशीचं फूल, पलीकडे माकडतोंड्या आमरीचा फोटो. कोकोपीटमध्ये पेरल्या, दहा दिवसांत भरघोस उगवल्या. मी घरभर सांगत सुटलो. महिन्याभराने आईने एक पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, हा माठ आहे. दुसऱ्या दिवशी भाजी झाली. लसणाची फोडणी होती, चव चांगली होती.


ऊतीसंवर्धन
१५ जून, दुपारी १:१५

वाचनमात्र, ओळखायची सोपी खूण सांगतो. जी बी चिमटीत धरता येते ती आमरीची नव्हे. आमरीचं बी म्हणजे धूळ. एका बोंडात हजारोंनी असतं आणि फुंकर मारली की गेलं. मी केळीच्या रोपांच्या प्रयोगशाळेत काम करतो, आमऱ्या हा माझा रविवारचा उद्योग.

बी इतकं बारीक का, तर आईने शिदोरीच दिलेली नसते. गव्हाच्या, हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी अन्न साठवलेलं असतं, इथे शून्य. मातीतली एक विशिष्ट बुरशी बियात शिरते, तिच्याकडून हा अंकुर जेवतो. हे १८९९ साली फ्रान्समध्ये नोएल बर्नार या तरुण शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. तोपर्यंत माळ्यांना कळतच नव्हतं की आई-झाडाच्या बुंध्याशी टाकलेलं बी कधी कधी का उगवतं आणि नव्या कुंडीत का नाही. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुइस नडसनने साखर घातलेल्या जेलीवर बुरशीशिवाय बी उगवून दाखवलं. आज बाजारात दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिस वगैरे त्याच वाटेने येतात.

मधमाशी आमरीसारख्या जमिनीतल्या जातींना मात्र बुरशीची जोड दिली की जास्त मानवतं. त्यासाठी चक्क ओट्सची पेज जेलीत मिसळून बशीत ओततात. त्यावर बुरशी वाढवायची आणि ब्लीचने धुतलेलं बी टाकायचं, तेही पूर्ण निर्जंतुक पेटीत. स्वयंपाकघरात करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी हिरवी-काळी भलतीच बुरशी येते. मी स्वतः चार बशा फेकल्यात. उगवल्यानंतर फूल यायला पाच-सात वर्षं. म्हणून बियांचं पाकीट विकणारा कोणीही असो, हात जोडून पुढे जा.

कायद्याबाबत एक पुरवणी. या यादीतल्या आमऱ्यांची निर्जंतुक बाटलीतली प्रयोगशाळेतली रोपं साइटिसच्या परवान्यातून वगळलेली असतात. वनस्पती आरोग्याचा दाखला तरीही लागतोच.


आज्जीचा_बटवा
१५ जून, दुपारी ३:४०

थोडं अवांतर. लहानपणी थंडीत आमच्याकडे सालमपाक व्हायचा. काष्टौषधीच्या दुकानातून सालममिश्री आणायची, अगदी महाग, आई तोळ्यावर मोजून घ्यायची. ते कडक पिवळट खडे म्हणजे हिमालयातल्या आमरीचे गड्डे, हे मला पन्नाशीत कळलं. तुर्कस्तानात असेच गड्डे उकडून, वाळवून, दळून ‘सालेप’ करतात, दुधात घालून पितात आणि त्यांच्या त्या ताणल्या जाणाऱ्या आइस्क्रीममध्येही तेच. त्यासाठी ज्या आमऱ्या खणतात त्यात या मधमाशीवालीच्या बहिणीही असतात. थोड्याशा पिठाला ढीगभर झाडं जातात. हे कळल्यापासून सालमपाक बंद केला. डिंकाचे लाडू पुरतात.


पेढेवाला_सातारकर
१५ जून, दुपारी ३:५५

सालमपाकापेक्षा कंदी पेढा घ्या. कुठलाही कंद न मारता होतो.


कृष्णाकाठची
१५ जून, सायंकाळी ६:२०

बाप रे, एका दिवसात केवढं! मोज्यांचा बेत रद्द, बहिणीला सकाळीच फोन केला. माशीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. ती माशी आपल्याकडे नाही, मग बी धरायचं कसं?


ऊतीसंवर्धन
१५ जून, रात्री ८:०५

माशीची गोष्ट या झाडाची सगळ्यात भारी गोष्ट आहे, राहूनच गेली.

ही फसणारी माशी म्हणजे पोळ्यातली सातेरी, आपली देशी मधमाशी, नव्हे. एकट्याने राहणाऱ्या लांब मिशांच्या माशांचा नर इथे फसतो. फुलात मध नाही, काही नाही. फूल मादीसारखं दिसतं, अंगावर केस मादीसारखे, आणि मुख्य म्हणजे वास मादीचा. नर येतो, झटापट करतो आणि डोक्याला परागांचे दोन गोळे चिकटवून घेऊन दुसऱ्या फुलावर तोच गाढवपणा करायला जातो. याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका आमरीवर हा प्रकार अल्जीरियातल्या पुयान नावाच्या फ्रेंच न्यायाधीशाने वर्षानुवर्षं पाहिला आणि १९१६ मध्ये कोरेवों या स्विस बागायतदाराबरोबर प्रसिद्ध केला. कोर्टात बसून फसवणुकीचे दावे ऐकायचे आणि सुट्टीत हे बघायचं!

पण इंग्लंडात ती माशी जवळजवळ फिरकतच नाही. मग फूल स्वतःच उरकतं. परागाचे गोळे बारीक देठांवर असतात, ते देठ हळूहळू वाकतात, गोळे समोर लोंबकळू लागतात आणि वाऱ्याने हलून त्याच फुलाच्या चिकट भागाला टेकतात. डार्विनला हे फार खटकलं होतं. १८६२च्या आमऱ्यांवरच्या पुस्तकात त्याने यावर बरंच लिहिलंय, कारण परपरागीभवनासाठी एवढा सगळा थाट असताना हे झाड स्वतःशीच लग्न का लावतं, हे त्याला सुटेना. थोडक्यात ताई, बी धरायला माशी नको. वारा पुरे.


जांभ्या_दगड
१५ जून, रात्री ९:३०

सकाळी कबूल केलं होतं ते लिहितो. या जातीवर माझा हात चाललेला नाही, पण भूमध्य भागातल्या अशाच एका आमरीची प्रयोगशाळेतली रोपं एका मित्राने रीतसर कागदपत्रांनी मागवली होती, त्यातली दोन माझ्याकडे होती. शेवट काय झाला तेही सांगतो.

कुंडी मातीची, भाजलेली, खोल. प्लॅस्टिक नको. बुडाशी खापऱ्या. मिश्रणात निम्म्याहून जास्त भरड वाळू आणि परलाइट, थोडी साधी माती, मूठभर चुनखडीचा चुरा आणि अगदी थोडं पानगळीचं जुनं खत. शेणखत, गांडूळखत, डीएपी काहीही नाही. मुळाशी बुरशीचं घर असतं आणि खताने तेच मोडतं. ही कुंडी वाळू भरलेल्या मोठ्या कुंडीत अर्धी पुरायची, म्हणजे मुळं थंड राहतात आणि ओल बाजूने हळूहळू येते.

पाणी सप्टेंबरअखेर सुरू. माती ओलसर राहील इतकंच आणि पानांच्या झुपक्यात पाणी साचू द्यायचं नाही, तिथूनच सडतं. सकाळचं ऊन, दुपारी सावली. गोगलगायींना ही पानं पेढ्यासारखी लागतात, रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या. फूल होऊन पानं पिवळी पडली की पाणी बंद, कुंडी उचलून व्हरांड्यात कोरड्या जागी. पूर्ण पावसाळा तिथेच. हवा इतकी दमट असते की कोरडी मातीसुद्धा ओल धरते, म्हणून मी बाजूला चुन्याचा डबा उघडा ठेवायचो. उपयोग झाला की नाही, देव जाणे.

पहिल्या थंडीत झुपका सुंदर आला, फूल नाही. वाळल्यावर पाहिलं तर नवा गड्डा जुन्याहून लहान. दुसऱ्या वर्षी पानं तीनच, गड्डा हरभऱ्याएवढा. तिसऱ्या वर्षी काहीच वर आलं नाही. आपली जानेवारीची दुपार ३० अंशांची, त्याला पाहिजे तसा गारवा टिकत नाही. फेब्रुवारीत ऊन चढलं की पानं घाईघाईने मावळतात आणि गड्डा भरायचा राहतो. मालकाला वाटतं झाड झोपलंय. ते दर वर्षी थोडं थोडं मरत असतं.

माणदेशी, तुमच्याकडे पहाट गार पण दुपार तापलेलीच. एखादं वर्ष जास्त निघेल, बस्स.


माणदेशी_गडी
१५ जून, रात्री ९:५०

काका, मग नाद सोडायचा म्हणता?


जांभ्या_दगड
१५ जून, रात्री १०:१५

याचा सोडा. आमरीचा कशाला?

आमचं चार एकर जांभ्याचं पड रान आहे, दगडावर वीतभर माती. आजोबा दर वर्षी उन्हाळ्यात गवत पेटवायचे, चारा चांगला येतो म्हणून. मी सात वर्षांपूर्वी ते बंद केलं आणि मृग ते दसरा जनावरं आत सोडायची नाहीत एवढा नियम केला. तिसऱ्या वर्षी जूनअखेर आषाढ आमरी दिसली. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान आणि वर पांढरी फुलं. आता मोजायचा कंटाळा येतो इतकी आहे. ऑगस्टमध्ये टूथब्रश आमरी येते, सगळी फुलं दांड्याच्या एकाच बाजूला. नाव वाकडं आहे, पण दुसरं काही सुचतही नाही. एक गड्डा मी लावला नाही, एक थेंब पाणी घातलं नाही. टेम्सकाठ यांनी बहिणीच्या हिरवळीबद्दल जे सांगितलं, तेच आहे हे. खत नको, अवेळी कापणी नको.

आणि हो, साताऱ्याजवळच्या कास पठारावरून उपटून आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर आत्ताच काढा. ते राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारशात आहे. शिवाय ते झाड जांभ्याच्या आम्ल मातीतलं, बुरशीसकट जगणारं. सांगलीच्या काळ्या चुनखडीत ते एक पावसाळाही काढणार नाही.


सह्याद्रीपुत्र
१६ जून, सकाळी ८:४०

चराईबंदीवर माझा आक्षेप आहे. पठारावर गुरं शतकानुशतकं चरत आलीत. चराई बंद केली की उंच गवत माजतं आणि बुटकी फुलं दबतात. तुमच्या रानात सात वर्षं झाली, पंधरा होऊ द्या, मग बोला.


जांभ्या_दगड
१६ जून, सकाळी ९:१०

मी बंदी कुठे म्हटलं? दसरा झाला की म्हशी आतच असतात आणि गवत मुळापर्यंत खातात. मुद्दा वेळेचा आहे. पेटवणं मात्र कुठल्याच वेळी नको. पंधरा वर्षांनी मी असलो तर जरूर लिहीन.


टेम्सकाठ
१६ जून, दुपारी १:३०

इकडच्या खडूच्या टेकड्यांवर मेंढ्यांवरून हाच वाद चालतो. मेंढ्या लवकर सोडल्या तर दांडे खातात, सोडल्याच नाहीत तर झुडपं माजतात.


आज्जीचा_बटवा
१६ जून, दुपारी ४:००

ताई, गच्चीवर हौस भागवायची तर सीतेची वेणी लावा. झाडावर वाढणारी आमरी, त्यामुळे मातीचा प्रश्नच नाही. रोपवाटिकेतलंच रोप घ्या. सालीचा तुकडा किंवा नारळाची करवंटी घ्या आणि मुळं सुती दोऱ्याने बांधा. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ फवारा, थंडीत कमी. वळवाच्या सुमाराला हातभर गुलाबी-पांढरी वेणी लोंबते. पाटणला माझ्या भावाच्या परसातल्या फणसावर आपोआप आलेली आहे, तिला कोणी कधी हात लावत नाही आणि ती दर वर्षी फुलते. आसामात हिला कपौ फूल म्हणतात, बिहूला केसांत माळतात.


कृष्णाकाठची
२१ जुलै, रात्री १०:०५

धागा वर आणतेय. रविवारी सांगलीहून पहाटे निघून जांभ्या काकांच्या रानात गेले होते. काकूंच्या हातची नाचणीची भाकरी आणि पिठलं, त्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल. धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. काका म्हणाले पायाखाली बघ, आणि मी जिथे उभी होते तिथेच पान! चप्पल अर्ध्यावर. नशिबाने चिखल मऊ होता. फुलं सरत आली होती, पण चार-पाच दांडे सापडले. बहिणीला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला, तर रेंज गेली.

तिकडची बातमी: तीन फुलांपैकी दोघांना बोंडं धरलीत, माशी-बिशी काही नसताना. मेहुण्यांना यंत्र फिरवायचा फार मोह होतोय, म्हणून तिने काटक्यांना लाल लोकर बांधलीये. सीतेच्या वेणीचं रोप मी मागवलंय, करवंटी तयार आहे. आणि त्या चुनखडीच्या मातीत वाचनमात्र यांच्या सल्ल्याने माठ पेरलाय.

काका, एकच विचारायचं होतं. निघताना फाटकाजवळ एका पानावर म्हशीचा खूर पडलेला दिसला, पान पार चिरडलं होतं. ते यंदा गेलंच का?


वाचनमात्र
२१ जुलै, रात्री १०:२०

मी सल्ला दिला नव्हता हो. पण लसूण सढळ हाताने घाला.


जांभ्या_दगड
२२ जुलै, सकाळी ६:५०

म्हैस शेजाऱ्याची. कुंपणाची तार काल ओढून घेतली. पान गेलं, पण महिनाभर ते उन्हात होतं, तेवढ्यात गड्डा थोडाफार भरला असेल. शेजारी दगड ठेवलाय खुणेला. पुढच्या मृगात या, उकरायचं नाही, नुसतं बघायचं.